रिमोट डेस्कटॉप सर्व्हरचं लायसन्स अडकलंय? या चुका टाळा

खंडेनवमीला बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत नव्या सर्व्हरला हार घातलेला मी बघितलाय, लेथ मशीनला घालतात तसाच, हळदकुंकू लावून, पेढे वाटून. फेब्रुवारीत एका सकाळी साडेनवाला तिथल्या अकाउंटंटचा फोन आला, "सर, कुणालाच लॉगिन होईना झालंय, सगळ्यांना एकच मेसेज यालाय." गेटवर पुण्याला जाणारी गाडी कास्टिंग भरून उभी, बिल निघेना म्हणून ई-वे बिल निघेना, ड्रायव्हर ऑफिसच्या दारात येऊन थांबलेला. मी पोचेपर्यंत त्यांनी सर्व्हर तीनदा रिस्टार्ट केला होता, राउटर बंद चालू करून झाला होता, नेटवाल्या पोराला बोलावलं होतं आणि कुणीतरी अँटीव्हायरस पण काढून टाकला होता. कारण एवढंच होतं की सर्व्हर बसवून १२० दिवस झाले होते आणि लायसन्स कुणी टाकलंच नव्हतं.

आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यात रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे सगळं काम एका सर्व्हरवर आणि बाकीचे कॉम्प्युटर लांबनं त्याला जोडून, चालणारी ऑफिसं आता खूप झालीत. फाउंड्री आणि मशीन शॉप आहेत, साखर कारखान्यांची ऑफिसं आहेत, सीए लोकांकडं एका सर्व्हरवर टॅली टाकून दहा पंधरा पोरं बसतात, सौहार्द सोसायट्यांच्या शाखा गावोगावी आहेत आणि त्या सगळ्या हेड ऑफिसच्या सर्व्हरवर काम करतात. यातल्या बऱ्याच ठिकाणी सर्व्हर बसवणारा एक, सांभाळणारा दुसरा आणि लायसन्सचं बिल देणारा तिसराच, त्यामुळं कुणी काय केलंय ते कुणालाच धड माहीत नसतं. आणि लायसन्सची गंमत अशी नाही की चूक केली आणि लगेच कळली. चूक होते त्या दिवशी सगळं छान चालतं, महिना दोन महिने चालतं, आणि मग ९० नाहीतर १२० दिवसांनी बोंब उठते, तेव्हा आपण शोधतो कालच्या दिवसात काय बिघडलं ते. कालच्या दिवसात काही बिघडलेलंच नसतं. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी धावपळ वाचते.

आधी विचारा, एकाला की सगळ्यांना?

फोन आला की माझा पहिला प्रश्न हाच असतो. एकाच कॉम्प्युटरवर अडचण असेल तर बहुतेक वेळा दोष त्या कॉम्प्युटरमध्ये आहे, सर्व्हरला हात लावू नका. सगळेच बाहेर पडले असतील तर सर्व्हर बघायचा. आणि रोज दोघं तिघं, आज हे उद्या ते, असं होत असेल तर लायसन्सचा आकडा कमी पडतोय किंवा तात्पुरती लायसन्स एकेक करून संपत आलीत.

दुसरा प्रश्न, मेसेज नेमका काय आहे. "लायसन्स येईना" असं सांगू नका, मोबाईलवर फोटो काढून पाठवा. लायसन्स द्यायला कुठला लायसन्स सर्व्हरच (लायसन्स वाटणारा सर्व्हर) उपलब्ध नाही असं म्हणत असेल तर सर्व्हरची मुदत संपलीय किंवा त्याला लायसन्स सर्व्हर सापडत नाहीये. या कॉम्प्युटरसाठी क्लायंट ॲक्सेस लायसन्स (थोडक्यात कॅल) शिल्लक नाही असं म्हणत असेल तर ती वेगळी गोष्ट, तिथं आकडा किंवा प्रकार चुकलाय. आणि क्रेडएसएसपी, एन्क्रिप्शन ओरॅकल असलं काही लिहिलेलं असेल तर तो लायसन्सचा विषयच नाही, ते २०१८ मधल्या सिक्युरिटी अपडेटचं प्रकरण आहे, एका बाजूला अपडेट पडलंय आणि दुसऱ्या बाजूला नाही. तारीख वेळ जुळत नाही असा मेसेज असेल तर जुन्या कॉम्प्युटरचा बॅटरीचा सेल गेलाय का बघा. या दोन्हीत लोकांनी लायसन्स परत टाकून बघितलंय, माझ्या डोळ्यादेखत.

घाबरून सर्व्हर फॉरमॅट करायला निघू नका, आत जायला दार आहे

सगळे बाहेर पडलेत आणि सर्व्हर दूर आहे, निपाणीत किंवा गोकाकला, तरी तुम्हाला आत जाता येतं. रनमध्ये एमएसटीएससी टाइप करून स्पेस द्यायची, मग स्लॅश आणि ॲडमिन. हे ॲडमिनिस्ट्रेटरचं दार आहे, त्याला लायसन्स लागत नाही आणि एका वेळी दोन जणांना जाता येतं. हे दार सर्व्हर दुरुस्त करण्यासाठी ठेवलंय. काही ठिकाणी मी बघितलं, "चालतंय की सर" म्हणून स्टाफच्या डेस्कटॉपवर याचेच शॉर्टकट करून दिलेले आणि त्यासाठी कॅशियरपासून सगळ्यांना ॲडमिनिस्ट्रेटर करून टाकलेलं. तिसरा आला की पहिल्या दोघांपैकी एकाला उठवायचं, त्यावरनं भांडणं, आणि एखाद्याकडनं चुकून डेटाचं फोल्डर उडालं तर विचारणार कुणाला? आणि बिलं टाकायला हे दार वापरणं नियमात पण बसत नाही. हे करू नका.

आत गेलात की रनमध्ये एलएसडायग डॉट एमएससी टाका, लायसन्सिंग डायग्नोसर उघडतो. उघडला नाही तर ते टूल टाकलेलं नाही, सर्व्हर मॅनेजरमधनं फीचर म्हणून टाकून घ्या. या एका खिडकीत सगळं लिहिलेलं असतं. या सर्व्हरला किती लायसन्स मिळू शकतात, मोड कुठला आहे (लायसन्स कॉम्प्युटरमागं म्हणजे पर डिव्हाइस, की माणसामागं म्हणजे पर यूजर), लायसन्स सर्व्हर सापडतोय का, ग्रेस पिरियड (लायसन्सशिवाय चालायची १२० दिवसांची मुदत) संपलाय का. खाली प्रॉब्लेम आणि त्यावर उपाय पण देतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ११२८ नंबरचा इव्हेंट दिसला तर मुदत संपली हे नक्की. त्या फाउंड्रीत हे बघायला मला पाच मिनिटं लागली, त्याआधी दीड तास बाकी सगळं उलटंपालटं करण्यात गेला होता.

१२० दिवसांना फुकटचं लायसन्स समजणं

सर्व्हरवर सेशन होस्टचा रोल (सगळे ज्याच्यावर लॉगिन करून बसतात ते काम) टाकून लोक आत यायला लागले की मायक्रोसॉफ्ट १२० दिवस लायसन्स सर्व्हर न विचारता काम करू देतं. ही मुदत सेटिंग करायला, लायसन्स मागवायला दिलेली आहे. पण बसवणारा माणूस बिल कमी दाखवायला लायसन्स कोटेशनमध्ये धरतच नाही आणि मालकाला सांगत पण नाही. सावकारांना, म्हणजे मालकांना, वाटतं सर्व्हरबरोबर सगळं आलं. विंडोज सर्व्हर विकत घेतला म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं लायसन्स आलं असं होत नाही, आणि विंडोज सर्व्हरचं साधं क्लायंट लायसन्स म्हणजे पण रिमोट डेस्कटॉपचं नव्हे. साधं कॅल वेगळं, रिमोट डेस्कटॉपचं कॅल वेगळं, रिमोटवर बसणाऱ्याला दोन्ही लागतात. कोटेशन हातात आलं की या दोन ओळी वेगवेगळ्या लिहिल्यात का ते बघा, नसतील तर सही करण्याआधी विचारा.

ॲक्टिव्हेट केलं म्हणजे झालं असं समजणं

लायसन्सिंग मॅनेजर उघडला, सर्व्हर ॲक्टिव्हेट केला, हिरवी खूण आली, गेले घरी. ॲक्टिव्हेशन म्हणजे तुमच्या लायसन्स सर्व्हरची मायक्रोसॉफ्टकडं ओळख झाली, एवढंच. लायसन्स आत टाकायची पायरी त्यानंतरची, इन्स्टॉल लायसन्सेस म्हणून, तिथं की किंवा ॲग्रीमेंट नंबर द्यायचा, व्हर्जन, प्रकार आणि आकडा निवडायचा. ती पायरी राहिलेली मी पाच सहा ठिकाणी तरी बघितलीय.

आणि त्याच्याही पुढं, लायसन्स सर्व्हर तयार आहे, कॅल टाकलेत, तरी सेशन होस्टला कुणी सांगितलेलंच नाही की लायसन्स कुठनं घ्यायचं. दोन्ही रोल एकाच मशीनवर असले तरी सांगावं लागतं! लोकांना हे पटत नाही, एकाच डब्यात दोघं असताना सांगायचं काय म्हणतात. पण लागतं. डोमेन (सगळ्या यूजरची खाती एका ठिकाणी सांभाळायची व्यवस्था) आणि कनेक्शन ब्रोकर वगैरे असेल तर सर्व्हर मॅनेजरमधनं होतं, पण आपल्याकडच्या छोट्या ऑफिसात ते नसतं, मग रनमध्ये जीपीएडिट डॉट एमएससी उघडायचं, कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनंट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट आणि त्यात लायसन्सिंग. तिथं दोन पॉलिसी भरायच्या, एक म्हणजे कुठला लायसन्स सर्व्हर वापरायचा त्याचं नाव किंवा आयपी, दुसरी म्हणजे मोड, पर डिव्हाइस की पर यूजर. लोक पहिली भरतात आणि दुसरी विसरतात. दुसरी विसरली तर डायग्नोसर मोड सेट केलेला नाही म्हणून ओरडतो, आणि मोड पर यूजर ठेवून कॅल पर डिव्हाइसचे टाकले असतील तर ते कॅल तसेच पडून राहतात, एकाही माणसाला मिळत नाहीत. पॉलिसी भरून झाली की कमांडमध्ये जीपीअपडेट, स्पेस, स्लॅश आणि फोर्स मारायचं, गरज पडली तर संध्याकाळी सगळे गेल्यावर एकदा रिस्टार्ट, आणि परत डायग्नोसर बघूनच निघायचं. फाउंड्रीत त्या दिवशी लायसन्सची ऑर्डर देऊन की हातात येईपर्यंत दुपार झाली, टाकलं, पॉलिसी भरली आणि चारच्या सुमाराला गाडी गेटबाहेर पडली.

तिथंच शेजारी लायसन्सच्या अडचणींची नोटिफिकेशन लपवायची पण एक पॉलिसी आहे. ती एनेबल करून कटकट मिटली म्हणणारे भेटतात. ॲडमिनला दिसणारी सूचना तेवढी मिटते, दिवस मोजणं चालूच असतं.

डोमेन नसताना पर यूजर घेणं

यावर जरा जास्त लिहितो, कारण आमच्याकडं सगळ्यात जास्त पैसे इथंच वाया जातात.

खानापूर तालुक्यातल्या एका पतसंस्थेत सर्व्हर वर्कग्रुपमध्ये होता, डोमेन वगैरे काही नाही, आणि विकणाऱ्यानं पर यूजर कॅल दिलेले. संध्याकाळी पिग्मी एजंट दिवसभराचं कलेक्शन घेऊन येतात, पाच ते आठ ही तिथली खरी गर्दीची वेळ. एन्ट्री करणाऱ्या वैनी मला म्हणाल्या, "दर तासाला बाहेर टाकालंय सर, अर्धी यादी भरली की जातंय, मग मी आता मोबाईलमध्ये गजर लावून ठेवते, पन्नास मिनिटं झाली की सेव्ह करून स्वतःच बाहेर पडते आणि परत येते." तीन महिने त्या असं करत होत्या. समोर एजंट उभे, त्यांच्या हातात चिल्लर आणि पावती पुस्तक, गावात परत जायची शेवटची एसटी साडेसातची, आणि या बाईंचा एक डोळा मोबाईलवर. कुणी त्यांना सांगितलं होतं तुमचं नेट स्लो आहे. नेटचा काही संबंध नव्हता. मला त्या दिवशी खरंच राग आला, वैनींचा नव्हे, तीन महिने कुणीही त्या मेसेजचा एकदा पण फोटो काढून विचारला नाही याचा.

कारण असं आहे. पर यूजर लायसन्स कुणाला दिलं ते ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या (डोमेनच्या यूजर यादीतल्या) त्या यूजरच्या खात्यावर लिहिलं जातं. डोमेनच नाही तर लिहिणार कुठं? जुन्या सर्व्हरवर हे कसंतरी खपून जायचं, पण विंडोज सर्व्हर २०१९ आणि त्यापुढच्या व्हर्जनवर वर्कग्रुपमध्ये पर यूजर मोड असला की तुमच्या लायसन्समध्ये अडचण आहे, ६० मिनिटांत सेशन बंद होईल असा मेसेज येतो आणि बरोबर तासानं बाहेर काढतो. कॅल विकत घेतलेले असले तरी.

उपाय दोन. डोमेन करा, नाहीतर पर डिव्हाइस वापरा. घेतलेले पर यूजर कॅल फेकून द्यायची गरज नाही, लायसन्सिंग मॅनेजरमध्ये कन्व्हर्ट लायसन्सेस म्हणून सोय आहे, तिथनं पर डिव्हाइस करता येतात, तिथं अडलं तर मायक्रोसॉफ्टच्या क्लिअरिंगहाउसला (लायसन्सची नोंद ठेवणाऱ्या विभागाला) फोन करून. मग पॉलिसीतला मोड पण बदलायचा, हे विसरायचं नाही. त्या पतसंस्थेत हे सगळं व्हायला पाऊण तास लागला.

कुठला प्रकार घ्यायचा हे माणसं आणि मशीन मोजून ठरवा. मशीन शॉपमध्ये तीन शिफ्ट आहेत, प्रत्येक शिफ्टला दहा जण, पण कॉम्प्युटर दहाच, तर पर डिव्हाइस दहा पुरतात, पर यूजर घेतले तर तीस लागतील. उलट सीएच्या ऑफिसात सहा जण आहेत आणि प्रत्येकजण ऑफिसचा कॉम्प्युटर, घरचा लॅपटॉप, वरनं टॅब असं तिन्हीकडनं लॉगिन करतो, तिथं पर डिव्हाइस अठरा लागतील आणि पर यूजर सहा. हिशोब भाजीच्या हिशोबाइतका सोपा आहे पण कुणी करत नाही, विकणाऱ्याकडं जे स्टॉकमध्ये असेल ते घेतात. डोमेनमध्ये पर यूजरचा आकडा कमी पडला तरी सर्व्हर कुणाला अडवत नाही, म्हणून सहा घेऊन वीस जण बसवणारे आहेत. अडवत नाही म्हणून ते कायदेशीर होत नाही, लायसन्सिंग मॅनेजरमध्ये रिपोर्ट काढता येतो, दर तीन महिन्यांनी काढून आकडा बघा.

जुनं लायसन्स नव्या सर्व्हरवर

"मागच्या वेळी घेतलेत की कॅल, परत कशाला?" हा प्रश्न प्रत्येक मालक विचारतो आणि त्यात त्यांची चूक नाही, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. नियम दोन ओळींचा आहे. कॅलचं व्हर्जन सेशन होस्टच्या व्हर्जनइतकं किंवा त्याहून नवं पाहिजे, आणि लायसन्स सर्व्हरचं व्हर्जन कॅलइतकं किंवा त्याहून नवं पाहिजे. म्हणजे २०१६ चे कॅल २०२२ च्या सर्व्हरवर चालत नाहीत, पण २०२२ चे कॅल घेतले तर २०२२, २०१९, २०१६ सगळ्यांवर चालतात, फक्त ते ठेवणारा लायसन्स सर्व्हर २०२२ किंवा पुढचा लागतो. २०१२ आरटूचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला तेव्हा बऱ्याच जणांनी घाईघाईत सर्व्हर बदलला, जुने कॅल तसेच ठेवले, आणि पुढचे तीन चार महिने सगळं सुरळीत चाललं म्हणून निर्धास्त राहिले. २०१६ चा सपोर्ट १२ जानेवारी २०२७ ला संपतोय, म्हणजे हीच रांग परत लागणार आहे, तेव्हा सर्व्हरच्या बजेटमध्ये कॅल आत्ताच धरा.

पर डिव्हाइस लायसन्स कसं फिरतं हे न समजून घेणं

नवा कॉम्प्युटर पहिल्यांदा आला की लायसन्स सर्व्हर त्याला तात्पुरतं लायसन्स देतो, ९० दिवसांचं. दुसऱ्यांदा लॉगिन केलं आणि कॅल शिल्लक असेल तर खरं लायसन्स मिळतं. शिल्लक नसेल तर तो कॉम्प्युटर तात्पुरत्यावरच ९० दिवस चालतो आणि एक्क्याण्णवाव्या दिवशी दारात उभा. म्हणून वीस कॅल आणि पंचवीस कॉम्प्युटर असलेल्या ऑफिसात तीन महिने काहीच कळत नाही.

खरं लायसन्स पण कायमचं त्या कॉम्प्युटरकडं राहत नाही, ५२ ते ८९ दिवसांच्या मधली कुठली तरी मुदत त्याला मिळते आणि मुदतीच्या आधी सात दिवस राहिले की वापरात असलेला कॉम्प्युटर ते आपोआप वाढवून घेतो. वापरात नसेल तर मुदत संपली की लायसन्स परत गठ्ठ्यात येतं. म्हणून एखादा कॉम्प्युटर भंगारात गेला तर त्याचं लायसन्स बुडालं असं समजू नका, थोडे दिवस थांबलं की परत येतं. घाई असेल तर लायसन्सिंग मॅनेजरमधनं रिव्होक करता येतं, पण त्या व्हर्जनच्या एकूण पर डिव्हाइस कॅलच्या २० टक्केच, म्हणजे पंचवीस असतील तर एका वेळी पाच. पर यूजरला रिव्होक नाही.

आता थिन क्लायंट. छोटे डबे, हार्ड डिस्क नाही, स्वस्त पडतात म्हणून शाखांमध्ये घालतात. यातल्या काहींत राइट फिल्टर चालू असतो, म्हणजे बंद करून चालू केलं की आतलं सगळं पुसून पहिल्यासारखं. त्यात मिळालेलं लायसन्स आणि त्या डब्याची हार्डवेअर आयडी पण पुसली जाते, मग सर्व्हरला तो प्रत्येक वेळी नवाच पाहुणा वाटतो आणि त्याला परत वेगळं लायसन्स जातं. पावसाळ्यात खानापूर भागात हेस्कॉमची लाइट दिवसात चार वेळा जाते येते, शाखेत यूपीएस धड नाही, एका डब्यानं एकट्यानं महिन्यात किती लायसन्स खाल्ली असतील विचार करा. लायसन्सिंग मॅनेजरमध्ये एकाच नावाचा कॉम्प्युटर दहा वेळा दिसायला लागला की हेच आहे. फिल्टरमधनं लायसन्सची रजिस्ट्री की (विंडोजच्या सेटिंगमधली नोंद) वगळायची सेटिंग करून घ्या, लिनक्सवाला डबा असेल तर लायसन्सची फाइल सेव्ह होते का बघा, आणि त्या शाखेला एक बरा यूपीएस द्या.

एकाच कॉम्प्युटरवर अडकलं असेल तर

क्लायंटवर, म्हणजे ज्यावरनं लॉगिन करतात त्या कॉम्प्युटरवर, रजिस्ट्रीत एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट आणि त्याखाली एमएसलायसन्सिंग नावाची की असते. ती खराब झाली की बाकी सगळे आत आणि हा एकटा बाहेर. आधी ती की एक्स्पोर्ट करून बॅकअप ठेवा, मग डिलीट करा, आणि त्यानंतर पहिल्यांदा रिमोट डेस्कटॉप उघडताना राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करूनच उघडा. बहुतेक जण हे शेवटचं करत नाहीत, साध्या यूजरला तिथं लिहायची परवानगी नसते, की परत तयार होत नाही, आणि मग म्हणतात उपाय चालला नाही. एकदा ॲडमिन म्हणून जोडलं की पुढं साध्या यूजरनं चालतं.

सगळेच बाहेर असताना वीस कॉम्प्युटरवर जाऊन ही की उडवत बसू नका. त्यानं काही होत नाही, आणि पर डिव्हाइस असेल तर वीस नव्या आयडी तयार होऊन अजून लायसन्स गुंततात.

ग्रेस पिरियडची की उडवायची युक्ती

व्हिडिओत दाखवतात, सर्व्हरच्या रजिस्ट्रीत जा, ग्रेस पिरियडची की ओनरशिप घेऊन डिलीट करा, रिस्टार्ट, परत १२० दिवस मोकळे. आमच्याकडची काही पोरं याचे पैसे घेतात, दर चार महिन्यांनी येऊन करून जातात. मी कुणाला करून देत नाही आणि तुम्ही पण करून घेऊ नका. ही सरळ सरळ लायसन्सची चोरी आहे. रजिस्ट्रीत सिस्टिमच्या ताब्यातल्या कीची परवानगी बदलणं म्हणजे हात घसरला तर रिमोट सर्व्हिसच उठत नाही, आणि ते करणारा पोरगा पुढच्या वेळी बेंगळुरूला नोकरीला गेलेला असतो. विंडोज १० किंवा ११ वर फाइल बदलून एकाच वेळी पाच जणांना बसवायचे जे प्रकार आहेत ते पण असलेच, एक विंडोज अपडेट आलं की बंद, मग अपडेटच बंद करून ठेवतात, आणि अपडेट नसलेली मशीन नेटला उघडी. तिथं लोकांच्या ठेवी आहेत हो. म्हाताऱ्या माणसांनी रोज पन्नास शंभर करून भरलेली पिग्मी आहे. त्या डेटाखाली असला पाया घालू नका.

ऑनलाइन फार स्वस्तात मिळणाऱ्या कॅलच्या की बद्दल पण हेच. बिल तुमच्या संस्थेच्या नावानं आहे का, ॲग्रीमेंट कुणाच्या नावावर आहे, हे कागद मिळत नसतील तर पैसे देऊ नका.

नेटवर्क आणि पोर्ट

लायसन्स सर्व्हर वेगळ्या मशीनवर असेल तर सेशन होस्टपासनं तिथपर्यंत पोर्ट १३५, ४४५ आणि वरचे ४९१५२ ते ६५५३५ हे टीसीपी उघडे लागतात. नवीन फायरवॉल बसवला आणि लायसन्स गेलं, असं असेल तर इथं बघा. सर्व्हरचं नाव किंवा आयपी बदलला आणि पॉलिसीत जुनंच राहिलं, हे पण नेहमीचं.

पण हे पोर्ट फक्त आतल्या नेटवर्कमध्ये, बाहेर इंटरनेटला कधीच नाही. जुलै २०२४ मध्ये या लायसन्सिंग सर्व्हिसमध्येच मोठं भोक सापडलं होतं, सीव्हीई २०२४-३८०७७, गंभीरपणा १० पैकी ९.८, लॉगिन न करता बाहेरनं सर्व्हर ताब्यात घेता येईल असं. मायक्रोसॉफ्टनं ९ जुलै २०२४ ला पॅच दिला. ज्या सर्व्हरवर लायसन्सिंगचा रोल आहे तिथं त्यानंतरचं अपडेट पडलंय का आजच बघा, आणि रोल उगीच टाकून ठेवलेला असेल, वापरात नसेल, तर काढून टाका. शाखांना जोडायला व्हीपीएन (इंटरनेटवरनं बंदिस्त जोडणी) करा, रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट थेट उघडा ठेवू नका.

कागद आणि तारखा

लायसन्स सर्व्हर फॉरमॅट झाला तर कॅल त्याच्याबरोबर जातात, परत टाकायला ॲग्रीमेंट नंबर किंवा मूळ की लागते, आणि ती बहुतेक वेळा बसवणाऱ्याच्या मेलमध्ये असते. तो मेल आजच तुमच्या ऑफिसच्या मेलवर मागवून घ्या, प्रिंट काढून बिलाच्या फाइलला लावा. त्याच कागदावर लायसन्स सर्व्हरचा ३५ अक्षरी आयडी, कॅलचं व्हर्जन, प्रकार, आकडा आणि सेशन होस्ट बसवल्याची तारीख लिहा, आणि त्या तारखेपासनं १२० दिवस मोजून येणारी तारीख लाल पेनानं. मी आता प्रत्येक ठिकाणी हाच कागद सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतनं चिकटवून येतो.

सर्व्हर बदलायचा असेल तर मार्चमध्ये अजिबात नको, सोसायटीत इयर एंडिंग आणि सीए ऑफिसात रात्रीचा दिवस चाललेला असतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बदला, त्याच आठवड्यात कॅल टाका, डायग्नोसर स्वच्छ दिसेपर्यंत बसवणाऱ्याचं शेवटचं बिल देऊ नका. ५ एप्रिलला बसवला तर १२० दिवस ३ ऑगस्टला भरतात, म्हणजे काही राहून गेलं असेल तर ते ऐन पावसात, शाखेची लाइट गेलेली असताना उघडं पडेल, म्हणून जुलैच्या सुरुवातीला एकदा परत एलएसडायग उघडून बघा.